हेट अ‍ॅशबरीचे चार दिवस आणि नगरच्या पोस्टातले लिफाफे

मुलीकडे सनीवेलला येऊन तीन आठवडे झाले होते, ब्रिज बघून झाला, योसेमिटी झालं, आउटलेट मॉल तर दोनदा झाला, तेव्हा सई म्हणाली आई आता तुला काय बघायचंय ते तू सांग. मी म्हणलं मला सॅन फ्रान्सिस्कोतल्या हेट अ‍ॅशबरीला जायचंय. ती बघतच राहिली. "हिप्पींचं ना ते? तुला काय करायचंय तिथे?"

ते सांगायचं तर नगरपासून सुरुवात करावी लागेल. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नगरच्या पोस्टात सॉर्टिंगला होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात, मी सहा-सात वर्षांची असेन. दादा संध्याकाळी घरी येऊन चहा पिताना सांगायचे की आज परत तो फुलं काढलेला लिफाफा आला, जांभळ्या शाईने लिहिलेला, अक्षरं अशी वळणावळणाची की पत्ता लावायलाच वेळ लागतो, आणि शिक्का सॅन फ्रान्सिस्कोचा. ही पत्रं जायची मेहेराबादला, मेहेरबाबा या आध्यात्मिक गुरूंच्या आश्रमात. मेहेरबाबा ३१ जानेवारी १९६९ ला गेले आणि त्यांची समाधी दौंड रस्त्याला अरणगावजवळ मेहेराबादलाच आहे, नगरकरांना हे सांगायला नको. दरवर्षी अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, भाऊ मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचा, दुपारी बारा वाजता सगळं माळरान पंधरा मिनिटं एकदम गप्प होतं ते मला अजून आठवतं, आणि त्या गर्दीत हे गोरे लोक, लांब केस, खादीचे झब्बे, अनवाणी, डोळे मिटून बसलेले. मी दादांना विचारायचे हे एवढ्या लांबून का येतात? दादा म्हणायचे मोठी झालीस की त्यांच्या गावाला जा आणि त्यांनाच विचार. त्यांच्या लेखी ते गाव म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, कारण शिक्का तोच दिसायचा.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी साठीची झाले. म्हणून मला जायचं होतं.

दिवस पहिला, शुक्रवार

सईचं ऑफिस संपल्यावर कॅलट्रेनने निघालो. जून महिना, सनीवेलला चांगलं ऊन होतं, आणि शहरात उतरलो तर गार वारा आणि वरून धुकं सरकत येतंय, मी स्वेटर घेतला होता म्हणून बरं. आज फक्त नॉर्थ बीच करायचं ठरलं होतं, कारण सईनेच रात्री वाचून काढलं होतं की हिप्पींच्या आधी बीट लोक, म्हणजे पन्नासच्या दशकातले बंडखोर कवी-लेखक, आणि बीट लोकांचा अड्डा नॉर्थ बीच, तिथून सुरुवात केली तर पुढचं कळेल. बरोबर बोलली.

नॉर्थ बीचला सिटी लाइट्स नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, १९५३ साली सुरू झालेलं, लॉरेन्स फेर्लिंगेटी या कवीने आणि त्याच्या भागीदाराने काढलेलं. तोपर्यंत पेपरबॅक म्हणजे स्टेशनवर विकायची पुस्तकं असा समज होता, यांनी नुसत्या पेपरबॅकचं दुकान काढलं, वर स्वतः प्रकाशनही सुरू केलं. बीट कवी अ‍ॅलन गिन्सबर्गचा कवितासंग्रह यांनीच १९५६ मध्ये छापला, त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५७ मध्ये कोर्टाने यांच्या बाजूने निकाल दिला. लाकडी जिना चढून वर गेलं की कवितेची खोली आहे, खिडकीपाशी आरामखुर्ची, कोणी येऊन विचारत नाही काय हवंय, तासभर बसलं तरी चालतं.

आता गिन्सबर्ग म्हणजे मराठी वाचकाला अगदीच परका माणूस नाही. १९६२ साली तो बोटीने मुंबईला उतरला, पुढे वर्षभराच्या वर भारतात राहिला, मुंबईत अशोक शहाणे, अरुण कोलटकर या मंडळींना भेटला. आपल्याकडे तेव्हा लघुनियतकालिकांचे दिवस येत होते, सायक्लोस्टाइल करून अंक काढायचे, हातोहात वाटायचे, आणि इकडेही नेमकं तेच चाललं होतं. मी त्या खोलीत के अक्षराच्या कप्प्यासमोर खाली बसले आणि शोधलं, आणि कोलटकरांचं खंडोबाच्या गावावरचं पुस्तक तिथे होतं! सईला हाक मारून दाखवलं. आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले इतक्या जोरात हाक मारली.

बाहेर येऊन गल्लीत उभं राहून कॉफी घेतली. सईने वाचलेली एक गोष्ट सांगितली ती इथे लिहितेच कारण पुढे तिचा संबंध आहे. बीटनिक हा शब्द १९५८ मध्ये इथल्याच एका पेपरातल्या हर्ब केन नावाच्या स्तंभलेखकाने काढला, तो गाजला, आणि मग नॉर्थ बीचला लोक हे बीटनिक बघायला यायला लागले, अगदी टूर काढून. तेव्हा या मंडळींनी त्याच वर्षी उलटी टूर काढली, सगळे मिळून युनियन स्क्वेअरला गेले, जिथे मोठी दुकानं आणि सुटाबुटातली माणसं, आणि त्यांनी त्या माणसांना बघितलं.

दिवस दुसरा, शनिवार

हेट दाखवणाऱ्या टूर बसचं तिकीट आधीच काढलं होतं. युनियन स्क्वेअरच्या जवळून निघते. बस लांबूनच ओळखू आली, आख्खी रंगवलेली, सूर्य, फुलं, शांतीचं चिन्ह, दारात झालर. आत झुंबरासारखे दिवे, खिडक्यांना पडदे. गाइड साठीच्या पुढची बाई, कपाळाला फुलांची पट्टी, आवाज असा की मागच्या सीटपर्यंत नीट पोचत होता. खिडक्यांवर मधेच पांढरे पडदे उतरतात आणि त्यावर जुनी फिल्म दिसते, मग पडदे वर जातात आणि बाहेर आजचा रस्ता, ही कल्पना मला फार आवडली. चायनाटाउन, नॉर्थ बीच, बँकांचा भाग असं करत बस हेटकडे निघाली.

वाटेत तिने केन केसीच्या बसची गोष्ट सांगितली. १९६४ च्या उन्हाळ्यात लेखक केन केसी आणि त्याचे मित्र १९३९ सालची एक जुनी शाळेची बस घेऊन, ती हाताला येईल त्या रंगाने रंगवून, कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेले, बसवर पुढे गावाचं नाव लिहितात तिथे नुसतं 'आणखी पुढे' अशा अर्थाचा शब्द लिहिला होता. तेव्हा एलएसडी हे नशेचं औषध कायद्याने बंद नव्हतं, कॅलिफोर्नियात बंदी आली ६ ऑक्टोबर १९६६ ला. रंगवलेल्या बसची फॅशन तिथून आली असं ती म्हणाली आणि मला आपल्या ट्रक आठवले, आपल्याकडे ट्रकच्या मागे मोर आणि कमळ काढायला कुणाला क्रांती करावी लागली नाही.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायकोबरोबर आलेले, तिकडे मध्य भागात शेती आहे म्हणाले. पडद्यावर १९६७ च्या उन्हाळ्याची फिल्म चालू होती, मुली केसात फुलं घालून नाचतायत, आणि ते एकदम हळू आवाजात बायकोला म्हणाले, मी तेव्हा दहा मैलांवर होतो. मला राहवलं नाही, मी विचारलं तुम्ही इथे होता का? म्हणाले इथे नाही, खाडीच्या पलीकडे ओकलंडला, आर्मी बेसवर, तिथून व्हिएतनामला गेलो. वीस वर्षांचा होतो. माझ्याच वयाची ही मुलं. मी विचारलं राग यायचा का यांचा? ते जरा थांबले. म्हणाले तेव्हा यायचा, आता वाटतं त्यांनी थोडा अजून जास्त आरडाओरडा करायला हवा होता.

मी पुढे काही बोलले नाही. १९६७ संपताना व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ४ लाख ८० हजारांच्या वर सैनिक होते, हे आपण पुस्तकात वाचतो आणि आकडा म्हणून विसरून जातो. हा माणूस त्यातला एक, आणि पडद्यावरची ती मुलं म्हणजे त्याच्या वर्गातली मुलं. हिप्पी म्हणजे घरून पळालेली श्रीमंतांची पोरं असं आपल्याकडे सरसकट म्हणतात, मीही म्हणत आले, पण त्यातल्या कितीतरी मुलांच्या खिशात सैन्यभरतीचा कागद होता हे त्या आजोबांच्या शेजारी बसल्यावर मला खऱ्या अर्थाने कळलं.

आणि मग हेट स्ट्रीट आला, आणि बस थांबलीच नाही. हळू झाली, गाइडने डावीकडे बघा उजवीकडे बघा केलं, कोपऱ्यावरची पाटी, रंगीत घरं, एका दुकानाच्या वरच्या खिडकीतून बाहेर काढलेले जाळीचे मोजे घातलेले दोन प्रचंड पाय, सगळे फोन वर, आणि पाच-सात मिनिटांत बस पार्कात शिरली. मला खूप वाईट वाटलं. ज्या जागेसाठी एवढे पैसे भरले तिथे पाय टेकवायला मिळाला नाही. जाहिरातीत हेटचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात होतं, तर निदान वीस मिनिटं उतरवायला काय हरकत होती? उतरताना गाइडला मी हे सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं, तुम्ही चालत या, बसमधून ही गल्ली कधीच कुणाला दिसली नाही.

आणि मग तिने जे सांगितलं ते मी रात्री घरी येऊन वाचून पडताळलं, खरंच आहे. एप्रिल १९६७ मध्ये एका मोठ्या टूर कंपनीने हेट अ‍ॅशबरीची बस टूर सुरू केली होती, नाव 'हिप्पी हॉप', आणि जाहिरात अशी की अमेरिकेच्या हद्दीतली ही एकमेव परदेशी सहल! बसमध्ये बसून लोक खिडकीतून या मुलांचे फोटो काढायचे. तर ही मुलं काय करायची, हातात आरसे घेऊन बसच्या बाजूने चालायची आणि आरसा खिडकीसमोर धरायची. महिन्याभरात ती टूर बंदही झाली, रस्ता पार तुंबायला लागला होता. नॉर्थ बीचची उलटी टूर आणि हे आरसे, मधे नऊ वर्षं, पण म्हणणं एकच.

रात्री झोप लागली नाही. खिडकीच्या आतून बघणारी आज मी होते, आणि लहानपणी अरणगावच्या माळावर टक लावून त्या गोऱ्या लोकांकडे बघणारीही मीच. त्यांनी कधी आरसा धरला नाही, उलट एका बाईने मला शेंगदाण्याचा लाडू दिला होता.

दिवस तिसरा, रविवार

जावईसुद्धा आले, गाडीने गेलो. आज फक्त गोल्डन गेट पार्क. हे पार्क हजार एकरांच्या वर आहे आणि मूळची सगळी वाळू, समुद्राकडून उडून येणारी, त्यावर माती आणून झाडं लावून उभं केलेलं. हेट स्ट्रीट जिथे संपतो तिथून आत शिरलं की एक छोटं तळं आणि पुढे एक बोगद्यासारखा पूल, १८८९ सालचा, लोखंड घातलेल्या काँक्रीटचा अमेरिकेतला पहिला म्हणतात, आतून गुहेसारखा केलाय, छताला खोटे लोंबते दगड. जावई सिव्हिल इंजिनियर, ते तिथेच दहा मिनिटं वर बघत उभे.

पूल ओलांडला की हिप्पी हिल. नुसती गवताची टेकडी आहे, पण वीकेंडला तिथे ढोल वाजवणारे जमतात, कोणी बोलवत नाही, कोणी पुढारी नाही, कोंगा, ढोल, एकाकडे रिकामी बादली. एक माणूस सुरुवात करतो, बाकीचे पकडतात, वीस-पंचवीस मिनिटं एकच ठेका चालतो आणि मग आपोआप विरतो. मी आयुष्यभर गणपतीतलं ढोलपथक ऐकलंय, त्यात कवायत असते, सगळं बसवलेलं, इथे प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकत ऐकत आपली जागा शोधतो. मला हे भजनाच्या जवळचं वाटलं. गांजाचा वास मात्र सगळीकडे, इथे तो आता कायदेशीर आहे, पण मला त्याने डोकं दुखतं आणि मी बाजूला जाऊन बसले.

इथून आत पोलो फील्ड्स नावाचं मोठं मैदान आहे. १४ जानेवारी १९६७ ला तिथे 'ह्यूमन बी-इन' नावाचा मोठा मेळावा झाला, वीस-तीस हजार लोक जमले, गिन्सबर्ग होता, कवी गॅरी स्नायडर होता, एलएसडीचा प्रचार करणारा टिमथी लिअरी होता, आणि तिथून बातमी देशभर गेली आणि त्या उन्हाळ्यात एक लाखाच्या आसपास मुलं या एवढ्याशा वस्तीत येऊन धडकली. मैदानावर आज मुलं सॉकर खेळत होती.

या पार्काची आणखी एक गोष्ट, आपल्या लोकांना गंमत वाटेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे झाडीत टाकून दिलेला ग्रॅनाइटचा एक दगड होता, रस्त्यावर गाड्या अडवायला लावतात तसला, वरून गोल. कुणालातरी ते शिवलिंग वाटलं, हळद-कुंकू-फुलं वाहायला लोक यायला लागले, आपले लोक लांबून गाड्या करून यायला लागले, शेवटी १९९४ मध्ये तो दगड तिथून हलवला. शहराला प्रश्न पडला की सरकारी बागेत देऊळ कसं चालेल, आणि भक्तांना प्रश्न पडला की देव कुठे न्यायचा, दोन्ही बाजू मला पटतात. सई म्हणाली आई तू असतीस तर तूही पाणी घातलं असतंस. घातलंच असतं.

दिवस चौथा, सोमवार

आज मी एकटी. सई आणि जावई कामावर, मी कॅलट्रेनने शेवटच्या स्टेशनला उतरून तिथूनच एन जूडा ट्राम पकडली आणि कार्ल आणि कोल या कोपऱ्यावर उतरले. मुद्दाम तिथे. या कोपऱ्यावर १९६७ मध्ये डिगर्स लोकांचं फुकट दुकान होतं.

डिगर्स कोण ते सांगते कारण या सगळ्या हिप्पी प्रकरणात मला सगळ्यात जवळची वाटली ती हीच माणसं. नाव घेतलं होतं सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या गरीब शेतकऱ्यांवरून, ज्यांनी १६४९ मध्ये गायरान जमिनी नांगरून सगळ्यांसाठी धान्य पिकवायला सुरुवात केली होती. हेटचे डिगर्स म्हणजे बहुतेक नाटकवाली तरुण मुलं. त्यांचं दुकान असं की आत कपडे, भांडी, काय काय, सगळं फुकट, आणि इथला मॅनेजर कोण असं कुणी विचारलं तर उत्तर मिळायचं, तूच. आणि पॅनहँडलवर, म्हणजे पार्काची जी एक लांबट पट्टी वस्तीत घुसलीये तिथे, दुपारी चार वाजता जेवण. बाजारात उरलेल्या भाज्या मागून आणायच्या, कधी नुसत्या उचलूनही, मोठ्या दुधाच्या कॅनमध्ये रस्सा करायचा, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत गव्हाचा पाव भाजायचा. जेवायच्या आधी एक मोठी पिवळी लाकडी चौकट उभी केलेली असायची, तिच्यातून पलीकडे जायचं आणि ताट घ्यायचं, म्हणजे इथून पुढे जगाकडे बघायची चौकट बदलली. बाकी अट काही नाही.

मी पॅनहँडलवर निलगिरीच्या झाडांखाली बाकावर बसून घरून आणलेली पोळीभाजी खाल्ली. भंडाऱ्याला आपल्याकडे पंगत बसते, कोण कुठला विचारत नाहीत, वारीच्या वाटेवर तर माणसं हात धरून जेवायला बसवतात. आपल्याला ते इतकं सवयीचं आहे. पण जिथे प्रत्येक गोष्टीला किमतीचं लेबल आहे अशा देशात वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी रोज चार वाजता शेकडो लोकांना जेवायला घालायचं म्हणजे केवढं धाडस, आणि केवढे कष्ट, पातेली घासणाऱ्या त्यातल्या मुली असणार हेही मी धरून चालते.

तिथून फ्रेडरिक स्ट्रीटला ५१८ नंबर बघितला. १९६७ च्या जानेवारीत इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद इथे आले आणि इस्कॉनचं इथलं मंदिर एका साध्या दुकानाच्या गाळ्यात सुरू झालं. त्याच महिन्यात २९ तारखेला अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये अडीच डॉलर तिकीट लावून संगीताचा कार्यक्रम झाला, ग्रेटफुल डेड हा रॉक बँड वाजवायला, गिन्सबर्ग नाम घ्यायला, आणि मधे प्रभुपाद. आणि जुलैमध्ये एका ट्रकवर जगन्नाथाचा रथ सजवून हेट स्ट्रीटवरून रथयात्रा निघाली. आपल्या मुंबईत जुहूचं मंदिर उघडलं १९७८ ला, त्याच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट.

मग हेट स्ट्रीट, यावेळी पायी. ही घरं इथे राहिली कशी ते आधी कळून घ्यायला हवं. १९०६ च्या भूकंपानंतर जी आग लागली तिने शहराचा मोठा भाग जाळला पण ती इथवर पोचली नाही, म्हणून ही जुनी लाकडी व्हिक्टोरियन घरं वाचली. पुढे पैसेवाले उपनगरात गेले, वरून पॅनहँडलमधून हायवे काढायचा सरकारी बेत आला, मग कोण इथे घर घेणार? भाडी पडली, मोठमोठ्या घरांच्या खोल्या खोल्या झाल्या, काळी कुटुंबं, विद्यार्थी, नॉर्थ बीच परवडेना म्हणून आलेले कलाकार. रहिवाशांनी वर्षानुवर्षं भांडून तो हायवे १९६६ मध्ये रद्द करायला लावला. म्हणजे स्वस्त भाडं नसतं तर हिप्पी नसते. आज त्याच घरांची किंमत मिलियनमध्ये आहे.

७१० अ‍ॅशबरी, ग्रेटफुल डेड बँडचं घर. कुणाचं तरी खाजगी घर आहे, जांभळट रंग, पायऱ्या, फाटक लावलेलं, फाटकापाशी कुणीतरी गुलाब ठेवलेला. ऑक्टोबर १९६७ मध्ये इथे पोलिसांची धाड पडली होती. मी लांबूनच बघितलं, फोटो काढला नाही. परवाची बस डोक्यातून जात नव्हती.

रस्त्यावर दुकानं खूप, टाय-डाय, अगरबत्त्या, गणपतीच्या मूर्ती, नाव घातलेले टी-शर्ट, आणि पायऱ्यांवर कुत्रा घेऊन बसलेली अठरा-वीस वर्षांची पोरं. यांना बघून जीव तुटतो. २०१० मध्ये या शहराने कायदा केला की सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत फुटपाथवर बसायचं किंवा आडवं व्हायचं नाही, आणि त्या कायद्याची मागणी याच रस्त्यावरून सुरू झाली होती. एका मुलीला मी उरलेल्या दोन पोळ्या आणि लोणचं दिलं. तिने लोणच्याचा वास घेतला आणि हसली, म्हणाली तुमच्या हातचं का? मी हो म्हणलं. तिचं नाव विचारलं नाही.

साठच्या दशकातही शेवट असाच झाला होता. उन्हाळ्यात लाखभर मुलं आली, राहायला जागा नाही, खायला नाही, एलएसडीच्या जागी स्पीड आणि हेरॉइन आलं, मुली पळवल्या गेल्या, आजार पसरले. ६ ऑक्टोबर १९६७ ला, म्हणजे एलएसडीवरच्या बंदीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, जुन्या लोकांनी स्वतःच हिप्पीची प्रेतयात्रा काढली, खरीखुरी शवपेटी खांद्यावर घेऊन हेट स्ट्रीटवरून, की पेपरवाल्यांनी जन्माला घातलेला हिप्पी मेला, आता तुम्ही घरी जा आणि जे करायचंय ते आपापल्या गावात करा. सायकेडेलिक शॉप नावाचं यांचं पहिलं दुकान, जानेवारी १९६६ मध्ये उघडलेलं, तेही त्याच वेळी बंद झालं.

आणि इथेच मला दादांच्या लिफाफ्यांचं उत्तर मिळालं असं वाटतं. ही मुलं घरी गेली, पण सगळी नाही. काही निघाली इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्ली, तिथून गोव्याला हणजूणला, आणि काही नगरला. कारण मेहेरबाबांचं एक छोटं पत्रक १९६६ मध्ये निघालं होतं, की एलएसडीसारख्या गोळीतून देव मिळत नाही, ही औषधं शरीराला, मनाला आणि अध्यात्मालाही घातक आहेत. त्याच्या आधीच १९६५ मध्ये एक तरुण अमेरिकन जमिनीवरून प्रवास करत नगरजवळ मेहेराझादला, बाबा राहायचे तिथे, पोचला होता, त्याला बाबांनी सांगितलं की परत जा आणि तुझ्या वयाच्या मुलांना हे सांग. तो गेला. अशा मुलांनी हेटच्या आसपास ती पत्रकं आणि बाबांच्या हसऱ्या फोटोची कार्डं वाटली. ज्यांना गोळ्यांचा उबग आला होता, किंवा ज्यांचे मित्र गेले होते, त्यांना हा माणूस ओरडत नव्हता, पोलिसही बोलवत नव्हता, नुसतं नको म्हणत होता, आणि १९२५ पासून मौनात होता. बाबा गेल्यावर १९६९ च्या एप्रिल ते जूनमध्ये पुण्याला बंड गार्डन रोडवरच्या गुरुप्रसाद बंगल्यात दर्शनाचा सोहळा झाला, त्याला ही मुलं आली, आणि तेव्हापासून येतच राहिली.

शेवटी क्लेटन स्ट्रीट. ५५८ नंबर. ७ जून १९६७ ला डॉ. डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टरने इथे मोफत दवाखाना सुरू केला, कारण सरकारी दवाखान्यात या मुलांना कुणी उभं करत नव्हतं. आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे त्यांचं वाक्य. नशेतल्या पोराला आधी शांत खोलीत बसवायचं, हात धरायचा, पोलिसांना बोलवायचं नाही, ही पद्धत इथून पुढे देशभर गेली. मी त्या दारासमोर बराच वेळ उभी होते. माझ्या आजीचा पाय चिघळला होता तेव्हा आम्ही तिला टांग्याने अरणगावच्या मोफत दवाखान्यात न्यायचो, आणि एक उंच गोरी बाई खाली बसून तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन ड्रेसिंग करायची. आजी नंतर सगळ्यांना सांगायची, परक्या बाईने माझा पाय मांडीवर घेतला. ती बाई कुठून आली, कधी कुणी विचारलं नाही.

दवाखान्याच्या अगदी शेजारी पोस्ट ऑफिस आहे. मला माहितीच नव्हतं, पाटी बघून अंगावर काटा आला. आत गेले. वाटेत एका दुकानातून फुलांच्या चित्राचं पोस्टकार्ड घेतलं होतं, ते तिथल्या फळीवर ठेवून भाऊला लिहिलं, तिथलंच बॉलपेन, निळं, जांभळं नव्हतं. पत्ता इंग्रजीत लिहिला, पिन ४१४००१, आणि खाली देवनागरीत 'नगर' लिहिलं, आता सरकारी नाव अहिल्यानगर आहे पण दादा सॉर्टिंग करायचे तेव्हाचंच लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने परदेशी टपालाचं गोल तिकीट दिलं. मी त्याला विचारलं यावर शिक्का सॅन फ्रान्सिस्कोचाच पडेल ना? तो म्हणाला तुम्हाला हवा असेल तर मी इथेच हाताने मारून देतो, आणि ड्रॉवरमधून गोल शिक्का काढून, शाईवर दोनदा दाबून, नीट सरळ धरून मारला.